भिंग टेकतं कशावर?

नमस्कार श्रोतेहो. मोतीबिंदू काढला की त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, हे घरोघरी ठाऊक आहे. आज बोलायचंय ते भिंग डोळ्यात टेकतं कशावर, याबद्दल.

त्यासाठी आधी लंडनला जाऊ. हा किस्सा सांगायची संधी मी सोडत नाही! हॅरॉल्ड रिडली हे सेंट थॉमस रुग्णालयातले डोळ्यांचे सर्जन. मोतीबिंदूचं ऑपरेशन बघणाऱ्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं नाही का घालायचं? युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण रुतलेले रिडलींनी पाहिले होते. डोळा ते निमूट सोसत होता. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करून घेऊन त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला एका बाईच्या डोळ्यात बसवलं. सगळं गुपचूप बरं का. पण पुढे त्यांचा एक पेशंट तपासणीला चुकून भलत्याच रिडलींकडे गेला. फ्रेडरिक रिडली, तेही डोळ्यांचेच डॉक्टर! झालं, गुपित फुटलं. १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत हॅरॉल्डसाहेबांनी पेशंटच आणून उभे केले, तर तिथल्या बड्या मंडळींनी नाकं मुरडली. आपल्याकडे अजून 'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' म्हणणारे काका असतात, त्यातलीच ही जात. पिकायची वाट बघायची काही गरज नसते हो.

रिडलींच्या भिंगाला पाय नव्हते. जड भिंग, काही डोळ्यांत घसरलं. आजच्या भिंगाला दोन बारीक वाकडे पाय असतात आणि ते नैसर्गिक भिंगाच्या रिकाम्या पिशवीत टेकतात. लक्षात ठेवा, पिशवीत.

मार लागून किंवा ऑपरेशनमध्ये पिशवी फाटली तर? पूर्वी भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला टाक्यानं बांधत. पण तो धागा काही वर्षांनी तुटू शकतो. २००७ मध्ये चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी पाय त्या भिंतीत खोचून वर जैविक गोंद लावला. जपानच्या डॉ. शिन यामाने यांनी गोंदही काढून टाकला. बारीक सुईच्या पोकळीतून पाय बाहेर ओढायचा, टोक तापवून त्याची गुठळी करायची आणि ती भिंतीत दडवायची. नायलॉनच्या दोरीचं टोक आपण मेणबत्तीवर धरतो ना, तसंच. टाका नाही, गोंद नाही.

पिशवी शाबूत असेल तर यातलं काहीच लागत नाही. नसेल, तर कुठली पद्धत वापरणार, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा. आणि ऑपरेशननंतर डोळा चोळू नका. अजिबात चोळू नका.