१८६ विरुद्ध १ : चांदवडच्या रस्त्यावरून

(दृश्य : चांदवडचे कातळकडे. खाली महामार्ग, कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग.)

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की चांदवड येतं. अहिल्याबाईंच्या आठवणी सांगणारा होळकरांचा रंगमहाल, डोंगराच्या पायथ्याला रेणुकामाता, आणि हंगाम असेल तर हवेत कांद्याचा वास.

१९८६च्या नोव्हेंबरात याच गावात बाया जमल्या होत्या. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन. जमलेल्यांचा आकडा लाखांत सांगितला जातो. बोलावणारा माणूस होता संघटनेचा संस्थापक शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेला. त्याच्या सहा वर्षं आधी, १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनात, याच जिल्ह्यातल्या खेरवाडीला रेल्वे रुळांवर गोळीबार झाला होता. ते आंदोलनही जोशींचंच. नाशिकला हे नाव नवं नव्हतं.

चांदवडला बायांनी दारू, मारहाण, मालमत्ता, सगळं बोलून घेतलं. आणि ठरवलं, की जिल्हा परिषद, पंचायत समितीला बायांनीच उभं राहायचं. तेव्हा कायद्यात बायांसाठी राखीव जागा ना ३३ टक्के होत्या, ना ५०.

(दृश्य : संसद भवन. संथ.)

आता चोवीस वर्षं पुढे या. ९ मार्च २०१०. राज्यसभा. आदल्या दिवशी महिला दिनाला विधेयकाच्या प्रती फाडून झालेल्या. आज गोंधळ घालणाऱ्यांना मार्शलनी उचलून बाहेर नेलेलं. संसदेत आणि विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा देणारं विधेयक मताला पडलं. बाजूने १८६. विरोधात १.

ते एक मत शरद जोशींचं होतं.

चांदवडला गेलेल्या एखाद्या बाईने दुसऱ्या दिवशी पेपरात हे वाचलं असेल, तर तिला काय वाटलं असेल? जोशींचा राग बायांवर नव्हताच. आक्षेप होता पद्धतीवर. राखीव मतदारसंघ चिठ्ठीने ठरणार, आणि ते फिरत राहणार. आज निवडून आलेल्या बाईला माहीत असणार की पुढच्या वेळी ही जागा राहीलच असं नाही. मग ती मतदारसंघ बांधेल कशाला?

हा आक्षेप कागदावर वाचून कळत नाही. तो बघायचा असेल तर महापालिकेच्या सोडतीला जाऊन बसावं.

(दृश्य : नाट्यगृहाचा मंच. काचेची बरणी.)

नाशिक महापालिकेच्या १२२ जागा, त्यातल्या ६१ महिलांच्या. २०११च्या कायद्याने राज्यात निम्म्या जागा झाल्या. मंचावर शाळेतली मुलं आणून बसवतात. एक पोर बरणीत हात घालतं, चिठ्ठी काढतं, अधिकारी ती उलगडून माईकवर वाचतात. 'सर्वसाधारण महिला'. मागच्या रांगेतून शिट्टी येते. पुढच्या रांगेतला एक माजी नगरसेवक मोबाइल कानाला लावून उठतो. तो कुणाला फोन करतोय हे सभागृहातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. आठवड्याभरात प्रभागात शुभेच्छांचा फलक लागतो. वर 'सौ.', खाली तिचं नाव, आणि तिच्यापेक्षा मोठा फोटो त्याचा.

म्हणजे जोशी बरोबर होते? चिठ्ठीपुरते, हो. पण चिठ्ठी नसली की काय होतं तेही याच जिल्ह्यात दिसतं. विधानसभेच्या १५ जागा. २०२४ला त्यातून निवडून आल्या तीन बाया : देवयानी फरांदे, सीमा हिरे, सरोज अहिरे. तिघीही २०१९लाही आलेल्या. मतदारसंघ बांधलेल्या बाया अशा दिसतात. मात्र पंधरात तीन. या वेगाने निम्म्यावर यायला किती निवडणुका लागतील, हिशेब तुमचा तुम्ही करा.

२०२३ला संसद-विधानसभांतल्या महिला आरक्षणाचा नवा कायदा झाला तेव्हा लोकसभेत बाजूने ४५४ मतं पडली, विरोधात २. अंमल जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधला. आणि राखीव जागा फिरवायच्या त्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर. जोशी २०१५ला गेले. त्यांच्या आक्षेपातलं थोडं तरी कायद्यात शिरलं, असं मला वाटतं.

(दृश्य : नागपूर विधानभवन, हिवाळा.)

डिसेंबर २०२२. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या. कॅमेरे बाळावर होते. त्याच अधिवेशनात २७ तारखेला सीमाप्रश्नाचा ठराव एकमताने झाला : बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावं महाराष्ट्राची. दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

गंमत बघा. त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्याच, गुजरातला लागून असलेल्या सुरगाण्यातली काही गावं म्हणत होती, आम्हाला गुजरातेत घाला. रस्ता नाही, पाणी नाही, दवाखाना लांब. पलीकडे मात्र हे सगळं दिसतं. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडा, असा हा तालुका. हंडा कुणाच्या डोक्यावर, हे सांगायला नको. नकाशावरची रेघ इथे हंड्याच्या अंतराने मोजतात.

या सुरगाण्यात एक गोष्ट आहे, जी निफाडच्या बागाईतदाराकडेही सहसा नसते. वनहक्क कायद्याने मिळणारा जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. कायदाच तसा आहे.

(दृश्य : तलाठी कार्यालय. सातबाऱ्याची प्रत. बोट नावावरून फिरतं.)

हे नाव का महत्त्वाचं? कारण पुढची सगळी साखळी त्याला लागलेली आहे. जमीन नावावर असेल तर विकास सोसायटीचं सभासदत्व. सभासदाला पीककर्ज, सभासदालाच मत. सोसायटीचा प्रतिनिधी जाऊन जिल्हा बँकेचे संचालक निवडतो. बायकोचं नाव सातबाऱ्यावर नसेल, तर द्राक्षाची छाटणी तिची, कांद्याची निवड तिची, आणि कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांत ती नाही. संस्थेच्या मंडळावर महिलांना दोन जागा राखीव आहेत, त्या बहुतेकदा कुणाच्या घरात जातात हे गावाला विचारा.

जिल्हा बँकांची अवस्था वेगळी सांगायला नको. नोटाबंदीत १४ नोव्हेंबर २०१६ला त्यांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली, तोवर घेतलेल्या नोटा कित्येक महिने तशाच पडून राहिल्या. नाशिकच्या बँकेत पुढे थकबाकी, प्रशासक, दारात जप्ती आणि रस्त्यावर शेतकरी, सगळं झालं. जोशींचं म्हणणं जुनं : भाव पाडून शेतकऱ्याला कर्जात घातलं, तर ते कर्ज त्याचं कसं?

२०२०ला बँकिंग नियमन कायदा बदलला. १ एप्रिल २०२१पासून जिल्हा बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट झाली. १ ऑगस्ट २०२५पासून सहकारी बँकेच्या संचालकाला सलग दहा वर्षांची मर्यादा आहे, आधी आठ होती. गावातली सोसायटी मात्र या कायद्याबाहेर. रिझर्व्ह बँकेची नजर संचालकापर्यंत पोचते. सभासद कोण, हे तलाठ्याच्या दप्तरात ठरतं.

ते दप्तर जोशींनी ओळखलं होतं. चांदवडनंतर त्यांनी लक्ष्मीमुक्ती काढली. गावातल्या शंभर घरांनी घरच्या लक्ष्मीच्या नावाने जमीन करून द्यायची. १९९२ला सरकारनेही परिपत्रक काढलं : नवऱ्याने अर्ज दिला, की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर.

(दृश्य : दुय्यम निबंधक कार्यालयाची पायरी. साडीची पिशवी हातात घेतलेली बाई.)

इकडे २००५पासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क कायद्याने मुलाइतकाच आहे. आणि तरी या पायरीवर बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन उतरताना दिसतात. भाऊ साडी-चोळी देतो, चहा पाजतो, एसटीत बसवून देतो.

लक्ष्मीमुक्तीचा अर्ज आजही करता येतो. एका पानाचं काम. वर लिहायचं, 'अर्जदार', आणि पुढे नवऱ्याचं नाव.