दुखणं घरी येतं तेव्हा

(दृश्य: बीड जिल्ह्यातलं एक गाव. दिवाळीनंतरचे दिवस. निम्म्या घरांना कुलपं.)

टोळ्या ऊसतोडीला गेल्या की अशा गावात म्हातारी माणसं उरतात, शाळेतली लेकरं उरतात आणि आजारी माणसं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यामुळे आई अंथरुणाला खिळली असली तरी लेकाला थांबता येत नाही.

या घरातल्या मामींना तोंडाचा कॅन्सर आहे. वर्षानुवर्षं मिश्री लावलेली. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) घेतले, दुखणं उलटलं. मोठ्या दवाखान्यातून निघताना सांगितलं गेलं, "आता घरीच न्या." घरी नेऊन करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही. रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी करायच्या, रोग्याला आणि घरच्यांना आधार द्यायचा, या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

(दृश्य: स्वयंसेवक ताई हात धुतात, मास्क बांधतात.)

गालावरची जखम वाहते, तिला वास येतो. त्या वासानं शेजारच्या बायका यायच्या बंद झाल्या होत्या. ताई मिठाचं पाणी उकळून गार करतात, त्यानं जखम हलक्या हातानं धुतात. नर्सनं शिकवल्याप्रमाणे मेट्रोनिडाझोलच्या गोळीची बारीक पूड तिच्यावर पसरतात आणि वर स्वच्छ गॉज ठेवतात. चार-सहा दिवसांत वास उतरतो. मग कुणीतरी पुन्हा ओसरीवर येऊन बसतं.

"हळू धर गं माय."
"धरलंय मामी. आता कड बदलू का?"

दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, ओठ ओले ठेवायचे. मामा रात्रभर जागतात. ताई आल्या की ते तेवढा वेळ निवांत झोपतात, आणि माझ्या मते या कामातली ही सर्वांत मोठी मदत आहे. सेवा करणारं माणूस कोलमडलं की रोग्याकडे बघायला कुणीच उरत नाही.

(दृश्य: गोळ्यांची डबी, घड्याळ.)

दुखण्यावरचं औषध आहे मॉर्फिन. स्वस्त, जुनं, खात्रीचं. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत साधी गोळी दर चार तासांनी द्यायची, दुखायची वाट बघत बसायचं नाही. तिच्यानं पोट कडक होतं, म्हणून जुलाबाचं औषध सोबत लागतंच. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे ही गोळी वर्षानुवर्षं दवाखान्यांपर्यंत पोचलीच नाही. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट सोपी झाली. पण "सवय लागेल" ही भीती अजून घराघरांत आहे, डॉक्टरांमध्येसुद्धा आहे. ज्या बाईला वेदनेनं झोप नाही, तिला आपण सवयीच्या भीतीपोटी तडफडत ठेवतो, हे मला पटत नाही.

मराठवाड्यातला रोगी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातो, नाहीतर सीमेपलीकडे सोलापूर जिल्ह्यात बार्शीला. उपचार तिथं होतील. पण शेवटचे महिने जातात गावातच, आणि प्रत्येक तालुक्याला हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत रोग्याची सेवा करणाऱ्या केंद्राची, इमारत कधी उभी राहणार? केरळनं इमारतीची वाट पाहिली नाही. 1993 मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या पॅलिएटिव्ह केअरच्या कामातून पुढे गल्लीगल्लीतले स्वयंसेवक तयार झाले. शेजारी शिकले, नर्ससोबत घरोघर जाऊ लागले, वर्गणी काढू लागले. 2008 मध्ये तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं. हे आपल्याकडे का होऊ नये? लग्नाला आणि सप्त्याला वर्गणी काढणारी आपली गावं आहेत.

स्वयंसेवकानं मनानं औषध द्यायचं नसतं, खोटी आशाही द्यायची नसते. "मी बरी होईन का गं?" असं मामी विचारतात, तेव्हा ताई विषय बदलत नाहीत. "तुम्हाला काय वाटतं, मामी?" म्हणतात, आणि ऐकत बसतात. हे शिकायला ड्रेसिंगपेक्षा जास्त दिवस लागतात.

(दृश्य: ग्रामपंचायतीच्या खोलीत व्हीलचेअर, हवेची गादी, बेडपॅन.)

ज्यांना सेवेला जाणं जमत नाही, त्यांनी या वस्तू द्याव्यात. एका घरातलं काम झालं की धुऊन, पुसून दुसऱ्या घरी जातात. कुणी दवाखान्यापर्यंत गाडी द्यावी, कुणी मामांना दोन वेळचा डबा.

आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या, ठरलेल्या सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर आहे. पुढच्या ग्रामसभेत आशाताईंना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा: आपल्या गावात अंथरुणाला खिळलेले किती जण आहेत, त्यांच्या घरी कोण जातं, आणि जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन मिळतं का? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्या.