धंदेवाईक स्टीव्ह

अध्यक्ष, वाचनालयाचे कार्यवाह आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘स्टीव्ह ब्लूमर : जीवन आणि कारकीर्द’. मला पाऊण तास दिला होता. त्यातली बारा मिनिटं माझ्या परिचयात गेली, आणि तेवढ्यात माझं वय दोन वर्षांनी वाढवलं गेलं. असो. बारा मिनिटांत ब्लूमरनं दोन गोल घातले असते.

हे नाव आधी कुणी ऐकलंय? हात वर करा. तीन. त्यातले एक आमचे बंधू, त्यांना मी काल रात्रीच सांगून ठेवलंय. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं म्हणजे तसा धोकाच. इथं प्रत्येक पेठेत दोन प्रशिक्षक आणि चाळीस पंच राहतात. पण सव्वाशे वर्षांमागच्या माणसाबद्दल तुम्ही मला ऑफसाइड देणार नाही, एवढ्या भरवशावर उभा आहे.

तर ब्लूमर, इंग्लंडचा जुन्या काळातला फुटबॉलपटू. जन्म २० जानेवारी १८७४, क्रॅडली. लोखंडाचा मुलूख, घरोघरी भट्टीचं काम. लहानपणीच घर डर्बीला आलं. डर्बी म्हणजे रेल्वेच्या कारखान्यांचं गाव. पोरगा लोहाराच्या हाताखाली घण घालायला लागला. १८९२ साली, अठराव्या वर्षी, डर्बी काउंटी या क्लबकडून पहिली मॅच खेळला. पगार आठवड्याला साडेसात शिलिंग.

इथं मी थांबणार आहे. साडेसात शिलिंग म्हटलं की माझं डोकं फिरतं.

खेळून पैसे घेणाऱ्याला आपल्या मराठीत काय म्हणत आले? ‘धंदेवाईक’. वकील फी घेतो, तो व्यावसायिक. डॉक्टर घेतो, त्याला तर आपण वर नमस्कार करतो. खेळाडूनं घेतले की धंदेवाईक! आणि जो घेत नाही तो हौशी, म्हणजे गुणी बाळ. आता मला शेवटी शाल आणि नारळ मिळणार आहे. म्हणजे मीही हौशीच. पाकीट दिलं तर त्याला ‘मानधन’ म्हणायचं, मग पैसे सोवळे होतात. खासबागेत कुस्ती मारणाऱ्या मल्लाला फेटा, इनाम, वर्षभराचा खुराक. त्याला कुणी धंदेवाईक म्हटलंय? म्हणून बघा, आणि मग घरी कसे जाता तेही बघा.

माझं दुखणं जुनं आहे. मी एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या पेठेच्या टीमचा एक जण संध्याकाळी घरी आला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले नवे बूट. म्हणाला, “एकच मॅच.” मी तोवर थोरल्या भावाच्या बुटात कागद कोंबून खेळत होतो. गेलो. मॅचमध्ये काय दिवे लावले विचारू नका. एक गोल झाला, तो माझ्या पाठीला लागून, आणि तोही आमच्यावरच. पण दुसऱ्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर एकानं विचारलं, “काय रे, पाय इकलास?” घरी काकू महिनाभर ताट वाढताना म्हणायची, “भाकरी आमच्यातली चालंल न्हवं, का तिकडनं येनार?” आणि बूट निघाले एक नंबर लहान. म्हणजे पाय विकला, तोही आखडून.

(हसू नका. अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे.)

पुढं फुटबॉलवरच एका कंपनीत चिकटलो. कंपनीचं नाव सांगत नाही. कागदावर मी कारकून. सकाळी मस्टरवर सही, दुपारी मैदान. गुडघा गेला त्याच महिन्यात मला तळघरात आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. साहेब म्हणाले, “आता काम शिकून घ्या.” नऊ वर्षं मी काय करत होतो मग?

इंग्लंडमध्ये हेच चालायचं. फुटबॉल असोसिएशन ज्यांच्या हातात, ते मोठ्या निवासी शाळांत शिकलेले, खाऊनपिऊन सुखी लोक. त्यांचा नियम काय, तर खेळायचं ते खेळासाठी. उत्तरेला लँकशरमधल्या गिरणीकामगाराला ते कसं परवडणार? बाहेरगावी मॅच म्हणजे रजा, रजा म्हणजे खाडा. मग क्लब गुपचूप पैसे द्यायचे. स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणायचे आणि कागदावर गिरणीत नोकरी दाखवायची. मॅच संपल्यावर बुटात नाणी सापडायची म्हणे. बघा, बूट तिथंही आलेच! शेवटी १८८४ मध्ये प्रेस्टन क्लबचा कारभारी विल्यम सुडेल यानं सरळ कबूल केलं की हो, आम्ही पैसे देतो. त्यांना एफए कपमधून, म्हणजे असोसिएशनच्या स्पर्धेतून, बाहेर काढलं. पण प्रकरण एवढं पेटलं की जुलै १८८५ मध्ये असोसिएशनला खेळाडूंनी पैसे घेणं मान्य करावं लागलं. मान्य म्हणजे कसं, तर नाक मुरडून. जेम्स फॉरेस्ट हा इंग्लंडकडून खेळलेला पहिला व्यावसायिक. पैसे घेतो म्हणून त्याला संघातल्या इतरांपेक्षा वेगळा शर्ट घालायला लावला, असं सांगतात. पंगतीत पान वेगळं मांडावं तसं.

ब्लूमरपेक्षा दोनच वर्षांनी लहान असलेले क्रिकेटमधले आपले पळवणकर बाळू. पुण्यात साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखायचे, आणि नेटमध्ये तासन्‌तास साहेबांना बॉलिंग टाकायचे. हुद्दा कुठला आणि काम कुठलं! त्यांच्यावर वेगळं व्याख्यान द्यायला हवं, मला बोलवा.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. बरं.

ब्लूमर इनसाइड राइट खेळायचा, म्हणजे आघाडीच्या फळीत मधल्या गड्याच्या उजव्या हाताला. अंगानं किरकोळ, चेहरा इतका पांढरा की ‘पेलफेस’ हेच नाव पडलं. पण पाय मागं न नेता, जमिनीलगत असा फटका द्यायचा की गोलकीपरला कळेपर्यंत बॉल जाळ्यात. घण घातलेला माणूस तो. इंग्लंडकडून २३ सामने, २८ गोल. त्यातले पाच एकट्या वेल्सविरुद्ध, १८९६ मध्ये. पहिल्या दहाही सामन्यांत त्यानं गोल केले. लीगमध्ये साडेतीनशेच्या वर. एफए कप मात्र नाही. १८९८ आणि १८९९, दोन्ही फायनल हरला. १९०३ च्या फायनलला दुखापतीमुळं बाहेर होता. तीही डर्बी हरली, बरीकडून सहा-शून्य.

आणि एवढ्या गड्याला पगार किती? १९०१ पासून लीगमध्ये कमाल मर्यादा आली, आठवड्याला चार पौंड. गोल एक मारा नाहीतर चार. क्लब सोडायचा तर क्लबची परवानगी. १९०६ मध्ये डर्बीला पैशाची नड होती, त्यांनी त्याला मिडल्सबरोला विकला, साडेसातशे पौंडांच्या आसपास. त्यातलं खेळाडूच्या हातात नियमानं पडायचं ते दहा पौंड. मला निदान बुटांची जोडी मिळाली होती! पुढच्याच वर्षी डर्बी खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. १९१० मध्ये त्याला परत बोलावलं. १९१२ मध्ये, म्हणजे आपलं खासबाग झालं त्याच साली, त्यानं डर्बीला दुसऱ्या डिव्हिजनचं अजिंक्यपद मिळवून दिलं. १९१४ मध्ये चाळिशी गाठली आणि खेळ थांबवला.

खरं व्याख्यान इथून पुढं होतं. पाच मिनिटं आहेत.

जुलै १९१४. कोच म्हणून नोकरी धरली बर्लिनमध्ये! तीन आठवड्यांत महायुद्ध. शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून रूलेबेनच्या रेसकोर्सवर कैदेत टाकलं. घोड्यांच्या तबेल्यात माणसं. चार हजारांवर ब्रिटिश कैदी, आणि त्यांत माजी व्यावसायिक फुटबॉलपटू किती! फ्रेड पेंटलंड, जॉन ब्रियर्ली, आणि जॉन कॅमेरॉन. हा कॅमेरॉन १८९८ मध्ये निघालेल्या खेळाडूंच्या संघटनेचा सेक्रेटरी. तिनं याच पगारमर्यादेविरुद्ध आवाज काढला होता. कैद्यांनी मधल्या मैदानावर लीग सुरू केली. ब्लूमर फुटबॉल खेळला, क्रिकेटही खेळला. म्हणजे असोसिएशनच्या व्याख्येतला शुद्ध हौशी तो झाला कुठं, तर तारेच्या कुंपणाआड. मार्च १९१८ मध्ये सुटला.

पुढं स्पेनमध्ये रेआल उनियोन इरून या टीमचा कोच. १९२४ मध्ये रेआल माद्रिदला एक-शून्य हरवून त्यांनी तिथला राष्ट्रीय कप जिंकला. खेळाडू म्हणून जो कप हुकला, त्याचा भाऊबंद परदेशात मिळाला. नंतर पुन्हा डर्बी, तिथंच १६ एप्रिल १९३८ ला गेला. आजही डर्बीच्या घरच्या मैदानावर मॅचआधी त्याच्या नावाचं गाणं लागतं, ‘ब्लूमर बघतोय’ अशा अर्थाचं. त्याचा अर्धपुतळाही आहे तिथं.

त्याच्या जाहिरातीचे बूट दुकानात यायचे, ते सांगायचं राहिलंच. पण अध्यक्ष उभे राहिलेत आणि कार्यवाह शाल उलगडतायत. घरी अकरा शाली झाल्यात हो. बरं, आणा. नारळ तेवढा सोललेला द्या.