कॉस्मेटॉलॉजीचा कोर्स निवडताना

नमस्कार श्रोतेहो.

कॉस्मेटॉलॉजी, म्हणजे केस आणि त्वचेच्या सौंदर्याचं शास्त्र, शिकायचं नक्की झालं, की कॉलेजांची माहितीपत्रकं गोळा व्हायला लागतात. चकचकीत आरसे, नवीकोरी खुर्च्या, हसरे चेहरे. त्यावरून निवड करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रवेश घेण्याआधी परवानगी काढा आणि तिथल्या प्रॅक्टिकलच्या वर्गात तासभर बसा.

तिथे आधी अवजारांकडे लक्ष द्या. कात्री, कंगवा साबणाने धुऊन मगच जंतुनाशकात बुडवतात का? बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ठेवतात का? अतिनील किरणांच्या निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवलं की झालं निर्जंतुक, असं कुणी शिकवत असेल तर तिथून निघालेलं बरं. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात, कात्रीच्या सांध्यात ते शिरत नाहीत. धातूची अवजारं खरी निर्जंतुक होतात ती ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत. एकाच्या त्वचेवरचा संसर्ग दुसऱ्याला आपल्या हातून जाऊ नये, हे या धंद्यातलं पहिलं कर्तव्य आहे.

मग अभ्यासक्रम मागून घ्या आणि त्यात रसायनशास्त्र किती आहे ते बघा. पुष्कळ जण हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याला घट्टपणा येतो तो त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळे. पर्मिंग करताना, म्हणजे केस कायमचे कुरळे करताना, थायोग्लायकोलेट हे रसायन हे बंध तोडतं, आणि रोलरवर गुंडाळलेल्या त्याच केसात पेरॉक्साइड ते नव्या आकारात पुन्हा जोडतं. केस सरळ करणाऱ्या काही रिलॅक्सरमध्ये मात्र सोडियम हायड्रॉक्साइड असतं. अशा केसांवर थायोग्लायकोलेट लावलं, तर केस तुटून हातात येतात. म्हणून बाटली उघडण्याआधी ‘याआधी केसांवर काय काय केलंय?’ हा प्रश्न विचारायची सवय कॉलेजनेच लावायला हवी. केसांच्या रंगात मिसळायच्या डेव्हलपरची ताकद व्हॉल्यूममध्ये सांगतात: वीस व्हॉल्यूमचा म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, चाळीसचा म्हणजे १२ टक्के. हा फरक टाळूला फार जाणवतो. कलर लावण्याच्या ४८ तास आधी पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडासा लावून चाचणी, का करायची, कलरमधल्या पीपीडी नावाच्या घटकाने काहींच्या चेहऱ्याला सूज का येते, हेही वर्गातच कळलं पाहिजे.

त्याच वर्गात मुलं नुसत्या डमीवर काम करताहेत का, हेही पाहा. सुरुवातीला डमी हवीच. पण वॅक्स फार गरम आहे हे डमी कधीच सांगत नाही. माणूस खांदा आक्रसतो, आणि ते ओळखायला माणसावरच शिकावं लागतं. बॅच मोठी असेल तर शिक्षकांचं लक्ष प्रत्येकाच्या हाताकडे जात नाही. शिवाय सावळ्या, गडद त्वचेवर आणि कुरळ्या केसांवर सराव मिळतो का, तेही विचारा. त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, उन्हाने त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते यावरून, आता त्वचेचे सहा प्रकार मानले जातात. एकाच प्रकारावर शिकलेला हात बाकीच्यांसाठी अपुरा पडतो.

आपली हद्दही शिकवली जाते का, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रंग बदलणारा तीळ दिसला, तर फेशियल थांबवून त्या व्यक्तीला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं असतं. चार दिवसांत लेसर शिकवतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

फी, किटमधलं सामान, पैसे परतीचा नियम, हे सगळं लेखी घ्या. जिथे काम करायचं आहे तिथे परवाना लागत असेल, तर या कोर्सचे तास त्यासाठी धरले जातात का, हे परवाना देणाऱ्यांनाच विचारा, कॉलेजला नव्हे. परदेशी जायचं मनात असेल, तर १९४६ पासून काम करणाऱ्या सिडेस्कोसारख्या सौंदर्यक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची पदविका त्या कॉलेजातून देता येते का, याचीही चौकशी करा.

आणि जमलं तर तिथून शिकून बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा. पहिल्या नोकरीत काय येत नव्हतं, एवढंच विचारा.

नमस्कार.