परक्या रानात उतरताना

मला विषय दिलाय ‘परदेशातल्या क्रॉस-कंट्री पॅराग्लायडिंग स्पर्धा’, म्हणजे इंजिनाशिवाय, नुसत्या हवेच्या जोरावर लांब अंतर उडण्याच्या शर्यती. तुमच्यापैकी काही जण पुढच्या हंगामात पहिल्यांदाच अशा स्पर्धेला निघालेत, हे मघाशी गप्पांमध्ये कळलं. विंग कुठली घ्यावी, बसायचा हार्नेस कुठला, वर चढतोय की खाली येतोय ते आवाजाने सांगणारा व्हॅरिओ कुठला, यावर सांगणारे तुम्हाला भरपूर भेटतील. मी आज उतरण्याबद्दल बोलणार आहे. गोलच्या, म्हणजे शर्यत जिथे संपते त्या मैदानात टाळ्यांमध्ये उतरणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतंच. मला म्हणायचंय ते वाटेत, अनोळखी माणसाच्या रानात उतरण्याबद्दल. पहिल्या परदेशी स्पर्धेत बहुतेक दिवस तुमच्या वाट्याला हेच येतं आणि तयारी मात्र आपण गोलची करून गेलेलो असतो.

मीही तशीच गेले होते, उत्तर मॅसिडोनियातल्या क्रुशेवोला. क्रुशेवो हे डोंगरावरचं गाव, साधारण साडेतेराशे मीटर उंचीवर. खाली पेलागोनियाचं सपाट, विस्तीर्ण खोरं, त्यात शेतं आणि शेतांमधून सगळीकडे गेलेले रस्ते. 2019 ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली. मी पोचले, पण माझी बॅग पोचली नाही. विमान कंपनी म्हणाली, दोन दिवस लागतील. पहिल्या टास्कच्या, म्हणजे त्या दिवशी आखून दिलेल्या शर्यतीच्या सकाळी सगळे विंग पसरत होते आणि मी रिकाम्या हातांनी उभी. कुणीतरी आपली जुनी विंग देऊ केली. अनोळखी विंग, अनोळखी हवा आणि शंभर जणांचा थवा, हे तिन्ही एकाच दिवशी नको, एवढं शहाणपण सुदैवाने सुचलं. मग मी आयोजकांना विचारून रिट्रीव्हच्या गाडीत बसले, म्हणजे वाटेत उतरलेल्यांना गोळा करत फिरणाऱ्या गाडीत. त्या एका दिवसात जे शिकले, ते आधीच्या तीन वर्षांत शिकले नव्हते.

खालून पाहिलं की स्पर्धा वेगळीच दिसते. साधारण तीनशे मीटरवर आलेला एक पायलट मला आठवतो. लिफ्ट, म्हणजे वर उचलणारी हवा, संपलेली, आणि तो वाऱ्याबरोबर वाहत एकेक शेत तपासत चाललेला. खाली रस्त्याला लागून धसकटांचं मोठं मोकळं रान होतं. ते सोडून तो पुढे गेला. दीडशे मीटरवर पुन्हा एक घिरटी, शंभरवर आणखी एक. व्हॅरिओ मध्येच एखादा ‘टीं’ करत असणार, आणि त्या एका आवाजावर माणूस किती आशा धरतो ते तुम्हाला माहीत आहे. शेवटी उतरायची वेळ आली तेव्हा त्याच्यासमोर झाडांची रांग होती आणि झाडांपलीकडे विजेचे खांब. तो तारांच्या अलीकडे, झाडांच्या आडोशातल्या गढूळ हवेत, आपटतच उतरला. पायाला लागलं नाही, एवढंच.

त्याच दुपारी एक बाई उतरताना पाहिली. दोनशे मीटरवर तिने पॉडमधून, म्हणजे हार्नेसच्या पाय झाकणाऱ्या खोळीतून, पाय बाहेर काढले. एका ट्रॅक्टरमागे उडणारी धूळ कुठे जातेय ते पाहून तिने रस्त्याकडेचं रान निवडलं, एक वळसा घेतला आणि वाऱ्याला तोंड करून अलगद उतरली. पाय टेकल्यावर अर्ध्या मिनिटात विंग गोळा केली. गाडीत बसल्यावर मी तिला विचारलं, तेव्हा तिच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली: दोनशे मीटरच्या खाली तिची स्पर्धा संपलेली असते. त्याखाली लिफ्ट मिळाली तर आनंदच, पण शोधायची नाही. तेव्हापासून माझाही हाच नियम आहे.

विंग लगेच गोळा करण्याला फार महत्त्व आहे. जमिनीवर पसरून पडलेली विंग म्हणजे ‘मदत हवी आहे’ असा वरून उडणाऱ्यांसाठी निरोप. तुम्ही नुसते थकून तिच्याशेजारी आडवे झालात, तरी वरचा एखादा पायलट आपली शर्यत सोडून खाली येईल. मदतीसाठी थांबणाऱ्याचे गुण बुडू नयेत अशी सोय नियमांत आहे, पण त्याचा तो दिवस गेला तो गेलाच. म्हणून आधी विंग गोळा करायची, मग आपली जागा आयोजकांना कळवणाऱ्या ट्रॅकरवरून ‘सुखरूप उतरले’ असा निरोप, आणि मग पाणी. हाच क्रम.

आता गुणांचा हिशेब, कारण माणूस अडकतो तो तिथेच. एका टास्कचे जास्तीत जास्त हजार गुण. त्यातले काही अंतराचे, काही वेळेचे, काही पुढे राहून वाट काढल्याचे. समजा, 80 किलोमीटरच्या टास्कला अंतराचे 480 गुण आहेत. म्हणजे एका किलोमीटरला सहा गुण. त्या क्रुशेवोच्या पायलटने चांगलं रान सोडलं आणि झाडांपर्यंत गेला, ते अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर असेल. तीन गुण. हा आकडा मी कागदावर लिहून कॉकपिटवर, म्हणजे समोरच्या उपकरणांच्या पट्टीवर, चिकटवला होता. उंची कमी होत जाते तशी गणिताची शक्तीही कमी होते, म्हणून ते जमिनीवर करून ठेवावं.

प्रत्येक देशातलं उतरणं वेगळं. आल्प्सच्या खोऱ्यांत दुपारनंतर वारा वर चढू लागतो. सकाळी जिथे पान हलत नव्हतं, तिथे तीन वाजता ताशी 25-30 किलोमीटरचा वारा असतो. आपल्या विंगचा नेहमीचा वेग 38-40 च्या आसपास. म्हणजे तुम्ही जवळजवळ इमारतीतल्या लिफ्टसारखे सरळ खाली येता, आणि चुकून एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूला आलात तर तिथली हवा उलथापालथ करते. स्लोव्हेनियातल्या सोचा नदीच्या खोऱ्यात हे मी अंगावर घेतलंय. अशा ठिकाणी खोऱ्याच्या मधोमध, मोकळ्यात उतरायचं, रस्ता लांब असला तरी.

कोलंबियातलं रोल्दानिय्यो म्हणजे काउका नदीचं खोरं. तिथे खाली उसाचा समुद्र आहे. वरून तो गादीसारखा मऊ दिसतो, पण उतरलात तर दोन पुरुष उंच उसात तुम्ही दिसेनासे होता, वारा लागत नाही आणि बाहेर कुठल्या बाजूने पडायचं ते कळत नाही. तिथले पायलट उड्डाणभर तोडणी झालेले तुकडे हेरत जातात. शिवाय दुपारी पॅसिफिककडची हवा पश्चिमेच्या डोंगरावरून खोऱ्यात उतरते आणि शांत वाटणारा दिवस तासाभरात बदलतो. मेक्सिकोतल्या व्हाये दे ब्राव्होला टेकऑफच दोन हजार मीटरच्या वर आहे. हवा विरळ, त्यामुळे विंग तीच आणि ब्रेकही तेच, पण जमीन दहा टक्क्यांहून जास्त वेगाने पायाखालून पळते. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी चुकून वाऱ्याची पाठ धरून उतरतेय.

म्हणून सांगते, स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी पोचा आणि त्यातला एक दिवस रस्त्यावर घालवा. टास्क नेहमी ज्या दिशांना लागतात तिथल्या रानांत उभं राहून तारा कुठून कुठे जातात ते पाहा. वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरून चालायचं. आयोजक बंदी असलेली हवाई हद्द आणि उतरायला मनाई असलेल्या जागा फाइलमध्ये देतात. त्या उपकरणात भरा आणि नकाशावर बोट ठेवूनही एकदा वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएआयचा, म्हणजे हवाई खेळांच्या जागतिक महासंघाचा क्रीडा परवाना, पायलटची पातळी दाखवणारं आयपीपीआय कार्ड आणि विमा हे तीन लागतात. विम्याची पॉलिसी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. प्रवासाच्या पुष्कळ पॉलिसींमधून हवाई खेळ वगळलेले असतात; खेळ चालला तरी ‘स्पर्धा’ वगळलेली असते. हेलिकॉप्टरने सोडवणूक आणि दुसऱ्याचं झालेलं नुकसान, हे दोन्ही त्यात हवं. उपकरणं आणि पॉवर बँक केबिनमध्ये. हार्नेस केबिनमध्ये बसत असेल तर तोही जवळच ठेवा.

थव्याबद्दल बोलल्याशिवाय मात्र मला पुढे जाता येणार नाही, कारण परदेशी स्पर्धेचं खरं सुख तिथे आहे. स्टार्टच्या आधी ढगाच्या तळाशी शंभर विंग एकाच दिशेने फिरत असतात. शेजारच्याच्या चेहऱ्यावरचा चष्मा दिसतो, त्याच्या दोऱ्यांची शिट्टी ऐकू येते. मग वेळ होते आणि सगळे एकदम वेग वाढवणारा पायाखालचा स्पीडबार दाबून पसरतात. आता हवा दिसू लागते. डावीकडची विंग वर उचलली गेली म्हणजे तिथे लिफ्ट. उजवीकडची बसली म्हणजे तिथे सिंक, खाली जाणारी हवा. एकट्याने उडताना जे अंदाजाने शोधावं लागतं, ते इथे शंभर जण तुमच्यासाठी रेखाटत असतात. अनोळखी देशातली हवा इतक्या लवकर ओळखीची करून देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

पण हा थवा तुमच्या वाटचा निर्णय घेत नाही. 2007 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे, जागतिक स्पर्धेच्या आधीच्या सरावात, जर्मनीच्या संघाची एवा विस्निएर्स्का वादळी ढगात खेचली गेली. तिच्या जीपीएसवर 9,946 मीटर उंची नोंदली गेली. ती बेशुद्ध होती, तरी वाचली. त्याच दिवशी चीनचा एक पायलट ढगात गेला तो परत आला नाही. हे नवखे नव्हते. 2011 मध्ये स्पेनमधल्या पिएद्राहिताच्या जागतिक स्पर्धेत दोन पायलट गेले, स्पर्धा थांबवली गेली आणि प्रमाणपत्र नसलेल्या वेगवान स्पर्धा-विंगना बंदी आली. आज स्पर्धेत रेडिओवर हवेची पातळी विचारतात: एक, दोन की तीन. ‘तीन’ म्हणजे माझ्या मते हवा असुरक्षित आहे. पुढे जाणारे सगळे गप्प असताना तीन म्हणायला जड जातं. तरी म्हणायचं, आणि कुणी ऐकण्याची वाट न पाहता ढगापासून दूर जाऊन उतरायचं.

उतरल्यावर रान कुणाचं तरी आहे हे विसरू नका. पिकातून नाही, कडेने चालत बाहेर या. फाटक बंद होतं तर बंद करा. त्या भाषेतली तीन वाक्यं पाठ करून जा: मला लागलेलं नाही, माफ करा, रस्ता कुठे आहे. मला आजवर रागावलेला शेतकरी एकदाच भेटला, आणि चूक माझी होती. त्याच्या वाढलेल्या मक्यातून मी सरळ वाट काढली होती.

क्रुशेवोला माझी बॅग तिसऱ्या दिवशी आली. चौथ्या दिवशी मी उडाले. 31 किलोमीटरवर हवा संपली. खाली डावीकडे तंबाखूचं शेत होतं, उजवीकडे रस्त्याला लागून कापणी झालेलं गव्हाचं रान. दोनशे मीटरवर पाय बाहेर काढले. पुढे, वाऱ्याच्या दिशेला, एक डोंगरी तुकडा तापलेला दिसत होता आणि त्यावर दोन पक्षी फिरत होते. मी वळले नाही. धसकटांत पाय टेकले, विंग गोळा केली, निरोप पाठवला. वीस मिनिटांत तीच गाडी आली आणि तोच चालक. त्याने खिडकीतून आधी रानाच्या कडेच्या खांबांकडे पाहिलं, तिथून माझ्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं, मान हलवली आणि मागचं दार उघडायला खाली उतरला.