माळवदाखालच्या मोटारी

[दृश्य: जुन्या जिनिंगचं आवार. लांब पत्र्याची शेड, आत ओळीनं उभ्या मोटारी. काचांवर खडूनं लिहिलेले लॉट नंबर.]

मराठवाड्यातल्या जुन्या मोटारींच्या लिलावात बोली अकराला सुरू होते. पण ज्याला खरंच गाडी घ्यायची असते, तो आदल्या दिवशी पाहणीला येऊन गेलेला असतो. लिलावाच्या सकाळी गर्दी असते, गाडीखाली आडवं व्हायला कुणी जागा देत नाही. आणि एकदा पुकारणाऱ्यानं शेवटच्या बोलीवर तिसरा वार पुकारला, की ‘जशी आहे, जिथं आहे’ ही अट लागू होते. नंतर काहीही निघालं तरी विकणाऱ्यावर त्याची जबाबदारी नसते.

जालना, सेलू, परभणी, नांदेड हा कापसाचा पट्टा. मोटार घेण्याइतका पैसा इथं कापसानं आणला आणि जहागिऱ्यांनी आणला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या काळात वाड्यांमध्ये आलेल्या गाड्या म्हणजे शेवरोले, डॉज, मॉरिस, ऑस्टिन. १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईतला शिवडीचा जुळणी कारखाना बंद केला. त्यानंतर रस्त्यावर राहिल्या त्या देशी कारखान्यांच्या गाड्या: उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. आजच्या लिलावांत दिसतात त्याही बहुतेक याच तीन, जोडीला एखादी जीप.

[दृश्य: टेबलावर पिवळी पडलेली आरसी बुकं, म्हणजे गाडीच्या नोंदणीची पुस्तकं. भिंगातून दिसणारे शिक्के.]

पाहणीचा क्रम ठरलेला असावा. आधी कागद, मग पत्रा आणि सगळ्यात शेवटी इंजिन. बहुतेक लोक थेट बोनेट उघडतात. पण जॅम झालेलं इंजिन जालन्याच्या किंवा संभाजीनगरच्या कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये मोकळं होतं. गहाळ आरसी आणि कुजलेला तळ मात्र वर्षानुवर्षं छळतात.

मोटार कुणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी बहुधा आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा हयात नसतात. अशी गाडी खाजगी लिलावात थेट तुमच्या नावावर चढत नाही. आधी आरटीओचा नमुना ३१ (फॉर्म) भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते, मग नमुना २९ आणि ३० वर तुमच्या. सरकारनं किंवा सरकारच्या वतीनं केलेल्या लिलावासाठी नमुना ३२ वेगळा आहे. त्याला लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचा विक्री-आदेश जोडावा लागतो आणि मुदत ३० दिवसांची असते. वारस चार असतील तर चौघांची संमती किंवा नोटरी केलेलं मुखत्यारपत्र बोलीआधीच डोळ्यांनी पाहा. पुण्याला राहणारा एखादा भाऊ सही करेल, या आश्वासनावर पैसे देऊ नका.

मग चेसिस नंबर. बोनेटखालची पट्टी रिव्हेटनं बसवलेली असते आणि ती बदलता येते. म्हणून पत्र्यावर किंवा चेसिसवर ठोकलेला नंबर शोधा, तारेच्या ब्रशनं साफ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीचा ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिन नंबरही तसाच जुळवा. आपल्याकडे पेट्रोलची अॅम्बेसेडर डिझेल करून घेण्याची पद्धत होती. तशी गाडी वापरायला वाईट नसेल, पण मूळ रूपात राहिलेली नसते.

याला महत्त्व आहे ते २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत आलेल्या व्हिंटेज तरतुदीमुळे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुनर्नोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षं. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो, आणि त्या जुन्या पाटीतच गाडीची अर्धी शान असते. अट एकच, ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही.

आरसी हरवली असेल तर आरटीओच्या नोंदवहीचा उतारा मिळतो का, ते बोलीआधी विचारून घ्या. १९५६ आधीची नोंद हैदराबाद राज्यातली असते, तेव्हा शोध कुठून सुरू करायचा हेही विचारा. नोंदच सापडत नसेल, तर ती गाडी सुट्या भागांच्या भावानं धरायची.

[दृश्य: गाडीखालून कॅमेरा. पेचकसाचं टोक पत्र्यावर टेकतं.]

आता पत्रा. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्या गाडीसारखी ही वरून गंजत नाही. दरवाजे आणि बोनेट पाहून माणूस खूश होतो. पण आपली काळी माती ओल धरते. मातीच्या जमिनीवर उभ्या गाडीचे टायर आधी बसतात, मग रिम जमिनीला टेकते आणि प्रत्येक पावसाळ्यात ती ओल वर चढत राहते. गंज खालून लागतो. शहाबादी फरशीवर किंवा दगडी जोत्यावर उभी असलेली गाडी त्याच शेडमध्ये कितीतरी चांगली राहते. म्हणून गाडी पाहण्याआधी ती कशावर उभी आहे ते पाहा.

वाड्यातल्या गाडीची तऱ्हा वेगळी. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळतं, पांढऱ्या मातीचा चिखल टपावर एकाच जागी पडत राहतो आणि त्या थराखाली ओल अडकते. टपावरची वाळलेली माती ओल्या फडक्यानं पुसून पत्रा दाबून पाहा. गाडीवर कडबा किंवा सरकीची पोती रचली होती का, तेही विचारा. कडबा आला की उंदीर आले, घुशी आल्या. मग वायरिंगचं आवरण, सीटचं भरण आणि एअर क्लीनर यातलं काही शाबूत धरू नका.

तपासणीला लोहचुंबक, बोथट पेचकस आणि टॉर्च पुरे. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. अॅम्बेसेडरमध्ये दारांखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) हँगर आणि पुढच्या मडगार्डात हेडलाइटमागचा कोपरा पाहा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्राच भार पेलतो. हँगरभोवतीचा पत्रा पेचकसानं खचला, तर ते सुशोभीकरणाचं काम राहत नाही. हेराल्डला वेगळी चेसिस आहे. तिथं मुख्य पट्ट्यांतून बाहेर आलेले आधार पाहा, बॉडी त्यांच्यावर बसते आणि तेच आधी जातात. फियाटमध्ये पायाखालचा तळ आणि दारांची खालची कड. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात. ती कापसाच्या धुळीनं बुजली की दार आतून सडतं.

सुटे भागही मोजून घ्या. एका मार्कच्या (आवृत्तीच्या) अॅम्बेसेडरची पुढची जाळी दुसऱ्या मार्कला तशीच चालत नाही. मागच्या दिव्यांच्या काचा, हॉर्न रिंग, हबकॅप, दारांच्या मुठी हे लहानसहान भाग शोधायला इंजिनापेक्षा जास्त दिवस लागतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पुष्कळ मिळतं, सगळं मिळत नाही. शेडच्या कोपऱ्यात पेटी दिसली, तर ती याच लॉटमध्ये आहे का हे लिहून घ्या.

[दृश्य: बोनेट उघडं. पट्टीवर तेलाचा थेंब.]

इंजिनाला पाहणीत दहा मिनिटं पुरतात. तेलाची पट्टी काढा. तेल दुधाळ असेल, किंवा वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल, तर आत पाणी उतरलंय. रेडिएटरचं झाकण उघडा. इथं बोअरचं पाणी घालायची सवय, ते जड असतं आणि आत पांढरा थर धरतं. असा रेडिएटर धुऊन भागत नाही, त्याची जाळी बदलावी लागते. गाडी मोकळी ढकलता येत असेल तर टॉप गिअरमध्ये टाकून दोघांनी हलकेच पुढेमागे हलवा. पंखा फिरला तर इंजिन मोकळं आहे. चाकंच जाम असतील तर इंजिन फिरवायचं स्टार्टिंग हँडल हातानं, अगदी बेतानं फिरवून पाहा. अडलं तर जोर लावू नका, अडकलेली पिस्टन रिंग तुटते. आणि बॅटरी जोडून स्टार्टर मारून दाखवतो म्हणणाऱ्याला थांबवा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. उलटी जोडणी झाली तर नुकसान तिथंच होतं.

[दृश्य: लिलाव सुरू. हात वर जातात. ‘एक वार... दोन वार...’]

बोलीला बसण्याआधी कागदावर तीन आकडे हवेत. पहिला भंगाराचा. अॅम्बेसेडरचं वजन सुमारे ११०० किलो. त्या दिवसाच्या भंगाराच्या दरानं गुणलं की खालची मर्यादा कळते, भंगारवाले तिथपर्यंत बोलतातच. दुसरा आकडा गाडी उभी करायच्या खर्चाचा. क्रेन आणि वाहतूक, पाच टायर, चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर, क्लच प्लेट, वायरिंग, काच-रबर, आणि पत्रा-रंग. पत्रा-रंगाचा खर्च बहुतेक वेळा इंजिनापेक्षा जास्त होतो. तिसरा आकडा कागदपत्रांचा, त्यात थकलेल्या नूतनीकरणाचा दंड आणि पर्यावरण कर आला. तयार गाडीच्या बाजारभावातून दुसरा आणि तिसरा आकडा वजा केला की तुमची शेवटची बोली मिळते. ती लिहा आणि तिथंच थांबा. जीएसटी बोलीत धरलाय की वेगळा, अनामत कधी परत मिळते आणि गाडी किती दिवसांत उचलायची, हे लिलावाच्या अटीपत्रात वाचून घ्या. मुदत उलटली तर अनामत जाऊ शकते.

[दृश्य: रिकव्हरी व्हॅनवर चढणारी गाडी.]

उचलताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे जाम चाकं फरफटत ओढणं. आधी ब्रेकचे अॅडजस्टर सैल करा, हँडब्रेकची केबल सोडा, ड्रमवर लाकडी हातोडीनं गोल फिरत ठोका. तरीही चाक सुटलं नाही तर खाली ट्रॉली द्या. दोर बंपरला कधीच बांधायचा नाही, तो अॅक्सलला किंवा चाकांना बांधायचा.

घरी आल्यावर चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-३० मिली पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. टाकी उतरवा. तळाशी शिळ्या पेट्रोलचा चिकट थर असतो, तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हा थर सोडवतं आणि जुन्या पंपाचा रबरी पडदाही खातं. म्हणून पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या आधीच इथेनॉल सोसणाऱ्या घाला. टाकीला भोक असेल तर ती आतून वाफेनं पूर्ण धुतल्याशिवाय वेल्डिंगला देऊ नका. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफच पेट घेते.

मग तेल आणि फिल्टर बदला. बॅटरीची टोकं तपासून जोडा. प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर थोडा थोडा मारा आणि तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत थांबा. त्यानंतरच प्लग बसवायचे आणि पेट्रोल जोडायचं. इंजिन लागलं की वीसेक मिनिटं चालवून ते तेल गरम असतानाच काढून टाका, आतला गाळ त्यासोबत निघतो. ब्रेकचे सील, होज आणि ऑइल नवं होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढायची नाही.