दात केव्हाही सरकतात, जबडा मात्र थांबतो

दुधाचे दात पडायला लागले, की घरातली मोठी माणसं सांगतात, “सगळे पक्के दात येऊ देत, मग तारा बसवू.” बऱ्याच मुलांच्या बाबतीत तोवर थांबलेलं चालतं. काहींच्या बाबतीत मात्र तेवढ्यात फार उशीर होतो. आपलं मूल यातलं कोणतं, हे नुसतं बघून आईवडिलांना कळत नाही. म्हणूनच अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात आणि जबडे सरळ करणाऱ्या डॉक्टरांची, संघटना सांगते, की सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्या. तोवर पहिली पक्की दाढ आलेली असते, पटाशीचे दात बदलत असतात, आणि जबडे कसे वाढताहेत याचा अंदाज येतो.

एका मुलीचं उदाहरण घ्या. तिचा वरचा जबडा अरुंद आहे. तोंड मिटलं की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. टाळूच्या मधोमध हाडाचा एक सांधा असतो आणि लहानपणी तो घट्ट जुळलेला नसतो. म्हणून डॉक्टरांनी टाळूला स्क्रूचं साधन बसवलंय. रोज आई छोट्या किल्लीनं तो स्क्रू फिरवते. एका फिरवणीत साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते आणि घरचे घाबरतात. खरं तर सांधा उघडल्याची ती खूण. ही फट पुढे बहुतेक वेळा आपोआप भरून येते. हेच काम पंचविशीत करायचं, तर हाडात स्क्रू रोवावे लागतात, कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वेळ वेगळी. उंची झपाट्यानं वाढते त्या एक-दोन वर्षांत ट्विन ब्लॉकसारखं साधन जास्त गुण देतं. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ साली तयार केलं. दोन तुकडे, एक वर, एक खाली. तोंड मिटताना खालचा जबडा पुढेच यावा, अशी त्यांची उतरण असते. मुलानं ते दिवसभर वापरलं तरच उपयोग, डब्यात ठेवून काही होत नाही.

आता प्रत्यक्ष तारा. दातावर जेल लावतात, धुतात, वाळवतात. तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, चिकटवून निळा प्रकाश मारतात. मग तार. तिच्या हलक्या दाबानं दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं. महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. म्हणून दीड-दोन वर्षं लागतात, आणि घाईनं जोर वाढवला तर मुळांना इजा होते.

हाड विरघळणं आणि भरणं वयानुसार मंदावतं, पण थांबत नाही. त्यामुळे पंचेचाळिशीतही दात सरळ होतात. “आता या वयात कशाला?” हे ऐकून गप्प बसलेल्या बायका-पुरुषांना हे ठासून सांगायला हवं. अट एकच: हिरड्या निरोगी हव्यात. वर्षानुवर्षं मिश्री लावलेली असेल, तंबाखू असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, तर हिरड्यांचे उपचार आधी.

मोठ्यांना तारा दिसायला नको असतात. त्यांच्यासाठी दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट आहेत, दातांच्या आतून बसणाऱ्या तारा आहेत, पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे आणि काढता येणारे पातळ साचे, आहेत. अलाइनर दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात, फक्त खाताना आणि दात घासताना काढायचे. प्रत्येक केस त्यांनी सुटत नाही. आणि एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता, घरपोच पाठवलेले अलाइनर कुणीही घालू नयेत. जबड्यातच मोठा फरक असेल, तर वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रिया आणि तारा, दोन्ही मिळून करतात.

खर्चाच्या धास्तीनं थांबला असाल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हे उपचार करतात. खाजगीपेक्षा खर्च बराच कमी.

तारा निघाल्या की रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन. हिरड्यांतले तंतू दातांना जुन्या जागी ओढत राहतात, म्हणून डॉक्टर सांगतील तितके महिने दिवसरात्र आणि पुढे कित्येक वर्षं रोज रात्री तो घालायचा. घालताना घट्ट वाटू लागला, तर दात सरकायला लागलेत. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.